खोली, खातं आणि गाव : डिलाईल रोडवरून आरोग्य-संशोधनाचा आढावा

१५ नोव्हेंबर १९११ रोजी परळच्या प्लेग लॅबोरेटरीत एक बैठक भरली. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नव्या संस्थेच्या नियामक मंडळाची ती पहिली बैठक. १९४९ साली याच संस्थेची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर झाली. प्लेग लॅबोरेटरी म्हणजे आजची हाफकिन संस्था. देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या कारभाराचा आरंभ जिथं झाला, तिथून चालत निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात डिलाईल रोडला, गिरणी कामगारांच्या चाळींच्या वस्तीत, पोचतो.

त्याच १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने असं तिचं काम गिरणगावात उभं राहिलं. पुढे जोशींनी कामगार चळवळीला संघटनेचं रूप दिलं. डिलाईल रोडच्या पाटीवर आज त्यांचंच नाव आहे, लोकांच्या तोंडी मात्र अजून डिलाईल रोडच. एकाच वर्षी, एकाच शहरात सुरू झालेली ही दोन कामं. प्रयोगशाळेनं रोगाचा शोध घेतला, लीगनं माणूस कसा राहतो आणि कसा राबतो ते पाहिलं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही कामं जेव्हा जेव्हा एकमेकांना भेटली तेव्हा गरिबाचं आरोग्य सुधारलं, आणि भेटली नाहीत तेव्हा ज्ञान वाढूनही चाळीतल्या माणसाच्या हाती फारसं काही पडलं नाही, असं माझं मत आहे. लोकांचं आरोग्य सुधारायचं आणि त्यातली विषमता कमी करायची तर संशोधनाचा पैसा आणि मनुष्यबळ आधी कशावर लावावं, हा प्रश्न आज जगभर चर्चेत आहे. तो मी डिलाईल रोडवरून पाहणार आहे. केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन, शिवडीचं क्षयरोग रुग्णालय, चिंचपोकळीचं कस्तुरबा, आयसीएमआरची प्रजनन-आरोग्य आणि रक्तशास्त्राची केंद्रं, एवढं सगळं दोन-तीन मैलांत असलेला दुसरा भाग देशात सापडणं कठीण. इथं संशोधनाची टंचाई कधीच नव्हती. म्हणून तर कोणतं संशोधन आधी, हे विचारायला ही जागा योग्य.

सुरुवात प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण रोग पसरतो कसा, हे तेव्हा नक्की माहीत नव्हतं. कोंदट हवा आणि गलिच्छ घरं यांतून तो उपजतो, अशी सरकारी समजूत होती. त्या समजुतीवर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले, घरं पाडली गेली, आणि ज्यांची घरं गेली ते शेजारच्या तितक्याच दाट वस्त्यांत शिरले. उंदीर आणि पिसू यांची साखळी परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगानं १९०५ नंतरच्या काही वर्षांत पक्की केली. तोवर अर्धवट ज्ञानाची किंमत गरिबांनी चुकवली होती. संशोधनाच्या अग्रक्रमाची चर्चा करताना ही गोष्ट मला नेहमी आठवते, कारण अर्धवट उत्तरावर उभारलेल्या धोरणाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही.

प्लेगनंतरच्या मुंबईतला सर्वांत धक्कादायक आकडा मात्र अर्भकांचा आहे. १९२१ सालच्या नोंदींनुसार एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बाळं वर्षाच्या आत दगावली. दोन खोल्यांत हा आकडा ३२२, तीन खोल्यांत १९१, आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. आरोग्यातल्या विषमतेचा इतका उघडा पुरावा आजच्या संशोधकांनाही सहजी मिळत नाही. पण या आकड्यात एक गोम होती, आणि ती त्या काळीही जाणकारांच्या लक्षात आली होती. गिरणीत काम करणाऱ्या किंवा गिरणी कामगाराच्या घरच्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, रत्नागिरीला किंवा साताऱ्याला. बाळाचा जन्म तिकडे नोंदला जाई, किंवा नोंदलाच जात नसे. महिन्या-दोन महिन्यांचं बाळ घेऊन बाई मुंबईच्या खोलीत परत येई, आणि बाळ गेलं तर मृत्यूची नोंद इथं होई. जन्म कमी आणि मृत्यू पुरे, म्हणून दर फुगलेला. तो थोडा खाली आणला तरी एका खोलीतलं आणि चार खोल्यांतलं अंतर नाहीसं होत नाही. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या ‘लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे’ या ग्रंथातून ते सगळं जगणं आजही वाचता येतं.

याच्या उलटही घडे, आणि त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. बाप्या माणूस खोकून खोकून जेरीस आला, पाळीवर जाईना, खाडे वाढले, की त्याला गावी पाठवत. तिथं हवा चांगली, दूध मिळेल, घरची माणसं बघतील. तो तिथं मेला तर मृत्यू गावच्या दप्तरात जाई, आणि मुंबईच्या आकड्यांत गिरणगाव होतं त्यापेक्षा धडधाकट दिसे. स्थलांतरितांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना आज जगभर हीच अडचण छळते. आजारी माणूस मोजदादीच्या क्षेत्रातून बाहेर निघून जातो. माणूस खोलीत राहतो, गिरणीच्या खात्यात राबतो आणि गावी मरतो. या तिन्ही ठिकाणांची नोंद एका जागी जोडलेली नसेल तर शहराचं आरोग्य समजणार तरी कसं?

या काळातल्या संशोधनाचं एक उदाहरण मला आदर्श वाटतं. मुंबई सरकारनं १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडे गिरण्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी सोपवली. त्या खात्याखात्यांतून आणि खोल्याखोल्यांतून फिरल्या. कामावर जाणाऱ्या आयांच्या जवळजवळ प्रत्येक तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी दिली जाते, हे त्यांनी नोंदवलं. आई दहा-दहा तास साच्यापाशी, घरी बाळाला पाहायला कुणी नाही. ते निजून राहावं म्हणून गोळी. बार्न्सबाईंचा अहवाल सप्टेंबर १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला गेला. १९२४ साली ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात तसंच विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि हा भार सरकारनं व मालकांनी उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला, आणि बाईला दिवसाला ८ आणे मिळू लागले.

पाहणी, तिच्यावर सभागृहात वाद, पराभव, पुन्हा प्रयत्न आणि मग कायदा, असा सात वर्षांचा हा प्रवास आहे. त्याची पुढची बाजूही सांगायला हवी. कायद्यानंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. त्याला पाळीपद्धतीतले बदल आणि यंत्रसामग्री अशी इतर कारणं होती, पण लाभ द्यावा लागेल म्हणून बाई कामावर न घेणं हेही एक होतं, असं इतिहासकार दाखवतात. आरोग्यासाठी केलेल्या उपायानं रोजगार जात असेल तर त्याचाही माग संशोधनानं घ्यायला हवा. कायदा झाला त्या दिवशी अभ्यास संपवून चालत नाही. असा पाठपुरावा त्या काळी झाला नाही, आणि आजही फार क्वचित होतो.

याच सुमारास, १९२६ मध्ये, परळला केईएम आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. केईएमची कामगिरी सांगायला हा लेख पुरणार नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ इथंच शोधला. १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं, आणि १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्यातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. ही सगळी अभिमानाची कामं. पण केईएमच्या छातीच्या विभागानं केलेलं एक काम तितकं गाजलं नाही, आणि डिलाईल रोडला ते अधिक जवळचं होतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग निवडून तिथल्या लोकांचा खोकला, दम आणि फुप्फुसांची ताकद हवेच्या प्रदूषणाशी ताडून पाहिली. लालबाग-चेंबूरच्या हवेत राहणाऱ्यांना त्रास जास्त होता. एकच शहर, एकच पालिका, आणि पत्त्यावर ठरणारं फुप्फुस.

गिरणीच्या आतली हवा तर आणखी वाईट. ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत कापसाची धूळ सर्वांत जास्त उडते. ती वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की बिसिनोसिस होतो. याचं पहिलं लक्षण मोठं बोलकं आहे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी खात्यात पाऊल टाकलं की छाती आवळते, मंगळवार-बुधवारपर्यंत जरा बरं वाटतं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. काही वर्षांनी आठवड्याचे सगळेच दिवस सोमवारसारखे होतात. ब्रिटननं लँकेशायरच्या कामगारांसाठी या रोगाची भरपाई १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मान्य केली. आपल्याकडे हा रोग कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. तरीही १९९५ साली डॉ. व्ही. मुरलीधर आणि सहकाऱ्यांना ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये मुंबईतल्या एका कापड गिरणीतल्या बिसिनोसिसवर लेख लिहावा लागला, तो या दुर्लक्षाकडे लक्ष वेधण्यासाठीच. मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली १८५० च्या दशकात, म्हणजे मध्ये जवळजवळ दीडशे वर्षं गेली. निदान व्हायचं ते दमा, जुना खोकला किंवा टीबी असं. दमा म्हटलं की दोष माणसाच्या प्रकृतीचा ठरतो, बिसिनोसिस म्हटलं की खात्याचा. निदानाबरोबर भरपाईचा हक्क येतो, म्हणून निदान करण्याची व्यवस्था कुणाच्या हाती आहे हा आरोग्यसमतेच्या संशोधनाचाच विषय ठरतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या बहुतेकांसाठी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. संपाच्या राजकारणावर आणि गिरण्यांच्या जमिनींवर भरपूर लिहिलं गेलंय. आरोग्याच्या बाजूनं पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. मुंबईत १९५४ पासून कामगार राज्य विमा योजना होती, परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तिचंच. तो विमा नोकरीला बांधलेला. पगार बंद झाला, वर्गणी बंद झाली, तसा दवाखानाही हातचा गेला. धुळीचा परिणाम मात्र नोकरी सुटली म्हणून थांबत नाही. रोग उतारवयात उघडा पडायचा होता, आणि तोवर ज्या योजनेच्या कागदावर हा माणूस ‘कार्डिंग खात्यातला’ म्हणून ओळखला जात होता, त्या योजनेतून तो बाहेर गेला होता.

त्याच्याबरोबर खानावळवाल्या बायकाही हिशेबाबाहेर राहिल्या. एकट्यानं मुंबईत राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या, छोट्या खोलीत दिवसभर शेगडी-स्टोव्हपुढे बसणाऱ्या बायका. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि त्यांच्यासाठी कर्जाची, संघटनेची वाट मोकळी केली. चुलीच्या धुरावर आपल्याकडे पुष्कळ संशोधन झालंय, पण ते बहुतांशी खेड्यातल्या स्वयंपाकघराचं. दहा बाय सोळाच्या खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईच्या फुप्फुसाचा प्रश्न कामगार आरोग्यात बसला नाही, कारण ती कुणाची कामगार नव्हती, आणि घरगुती आरोग्यातही बसला नाही, कारण तिचं काम घरगुती नव्हतं.

आता अलीकडच्या मोठ्या अभ्यासांकडे वळतो. १९९१ ते १९९७ या काळात डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबई शहरातल्या ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद केली, आणि पुढे त्यांच्यातल्या मृत्यूंचा माग घेतला. मुंबई कोहॉर्ट स्टडी म्हणून हा अभ्यास जगभर ओळखला जातो. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज त्यानं खोटा ठरवला. फार कमी वजनाच्या लोकांत मृत्यूचा धोका सर्वांत जास्त, हेही दाखवलं. पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणाची चिंता चालू असताना मुंबईत माणसं बारीक असण्यानं मरत होती. संशोधकांनी मतदार याद्या घेऊन दारोदार माहिती गोळा केली, आणि उच्च-मध्यमवर्गीय संकुलं सुरक्षाव्यवस्थेमुळे आत जाणं अवघड म्हणून वगळली. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे छापलं आहे, त्यांना दोष देण्याचं कारण नाही. पण यातून जे दिसतं ते महत्त्वाचं. गरिबाचं दार संशोधनाला उघडं असतं, श्रीमंताच्या दारात वॉचमन असतो. ज्याचं दार उघडं आहे त्याच्याकडून आपण माहिती घेतो, म्हणून त्याचं आपण देणं लागतो. आणि विषमता मोजायची तर वरचं टोकही मोजावं लागतं. नुसत्या चाळी-झोपड्यांच्या अभ्यासातून गरिबी कळेल, दरी कळणार नाही.

टाटा रुग्णालयाचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास हे याच देण्याचं मोठं उदाहरण. १९९८ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख महिलांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांची थोडक्या प्रशिक्षणावर तयार झालेल्या आरोग्यसेविकांनी अ‍ॅसिटिक आम्ल लावून, नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. प्रयोगशाळा नको, महागडं यंत्र नको. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०१३ मध्ये जगापुढे आला. दुसऱ्या गटाला फक्त आरोग्यशिक्षण दिलं, तपासणी दिली नाही, यावर परदेशातून कडक टीका झाली. भारतात तेव्हा अशी तपासणी कुणालाच नेमानं मिळत नव्हती, असं संशोधकांचं म्हणणं. मला हे दोन्ही मुद्दे खरे वाटतात. पण खरी वेदना पुढे आहे. इतकं स्वस्त, इतकं सिद्ध साधन हाती आल्यावरही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय महिलांपैकी जेमतेम १.९ टक्के महिलांनी कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचं आढळलं. आज या विषयातला पहिला प्रश्न नव्या चाचणीचा राहिलेला नाही. सिद्ध झालेली चाचणी डिलाईल रोडच्या बाईपर्यंत का पोचत नाही, हा आहे. तिला वेळ कोणता सोयीचा, लाज कुठे आड येते, निदान झालं तर पुढचे दिवस कोण सांभाळणार, हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याला निधी मात्र फार थोडा मिळतो.

क्षयाची कथा अशीच. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर आणि डी. एस. शेपर्ड यांनी धारावीतल्या शंभरएक खासगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णाला कोणती औषधं द्याल असं विचारलं, तर ८० वेगवेगळ्या पद्धतीची उत्तरं आली. वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला, तर ६३ प्रकार. मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम बदलला, औषधं मोफत झाली, पण माणूस आधी ज्याच्याकडे जातो त्या गल्लीतल्या डॉक्टरचं चित्र फारसं हललं नाही. २०१२ च्या जानेवारीत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची बातमी आली तेव्हा देश हादरला. दुसरीकडे, २०२३ मध्ये झारखंडात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या अभ्यासानं दाखवलं की रुग्णाच्या घरच्यांना महिन्याचा पुरेसा शिधा दिला तर त्यांच्यातल्या नव्या क्षयाचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटतं. डाळ आणि तांदूळ. औषधाच्या संशोधनाइतकाच मान या संशोधनाला मिळायला हवा.

आणि घर. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि इथं. डिलाईल रोडला बत्तीस इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आता पुनर्विकास चालू आहे. कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मिळायचंय, आणि वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. घर मोठं झालं की आरोग्य सुधारतं, असं आपण गृहीत धरतो. २०२० च्या जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत झालेल्या पाहणीत झोपडवस्तीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. सामाईक संडास हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं गेलं. म्हणजे स्वतःचा संडास ही मोठीच प्राप्ती. पण गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन इमारतींच्या अभ्यासात, अगदी चिकटून उभ्या इमारतींत खालच्या मजल्यांवर ऊन-वारा कमी आणि क्षय जास्त, असा संबंध दिसला. तिथंही घर पक्कं होतं, संडास घरात होता. मग डिलाईल रोडच्या उंच इमारतीत कोणत्या मजल्यावर काय होईल? चाळीच्या लांब गॅलरीत दिवसभर बसणारी म्हातारी, जिच्यावर आठ दारांतून लक्ष असायचं, ती बंद दाराच्या घरात पडली तर किती वेळानं कळेल? देखभालीचा मासिक खर्च औषधाच्या पैशातून जाईल का?

असा प्रसंग संशोधकाला क्वचित मिळतो. हजारो कुटुंबं, कोण कधी हलणार ते आधीच ठरलेलं, जुनं आणि नवं घर दोन्ही मोजता येणारं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर देशातली उत्तम वैद्यकीय महाविद्यालयं. इमारती टप्प्याटप्प्यानं रिकाम्या होतात, म्हणजे हललेले आणि न हललेले यांची तुलना आपोआप मिळते. माझ्या मते मुंबईतल्या आरोग्य-संशोधनाचा आजचा सर्वांत निकडीचा विषय हा आहे, कारण खोली एकदा पाडली की तिच्यातली हवा, ओल, तिथं झोपणारी माणसं यांचं मोजमाप पुन्हा करता येणार नाही.

अग्रक्रम ठरवण्याच्या पद्धतींवर दोन शब्द. १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगानं दाखवलं की जगातल्या आरोग्य-संशोधनाच्या खर्चातला जेमतेम विसावा भाग गरीब देशांच्या प्रश्नांवर होतो. त्यानंतर अनेक पद्धती निघाल्या. त्यातल्या एका पद्धतीनं आयसीएमआर आणि इन्क्लेन ही संशोधन-संस्था यांनी माता-बाल आरोग्य आणि पोषणासाठी देशातल्या २५६ संस्थांतल्या तज्ज्ञांकडून चार हजारांवर कल्पना मागवल्या, आणि समतेसह काही निकषांवर त्यांना गुण दिले. काम मोठं आणि चोख. पण विचारलं ते तज्ज्ञांना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांना काय खुपतं यापासून सुरुवात केली. १९८९ मध्ये त्यांनी दोन गावांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं जगापुढे मांडलं, आणि १९९९ मध्ये घरोघरच्या नवजात-सेवेनं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात हे सिद्ध केलं. देशानं पुढे ती सेवा आशाताईंच्या हाती दिली. शहरात मात्र तेच सरळ लागू पडत नाही. स्नेहा संस्थेनं मुंबईच्या वस्त्यांत महिला गटांचा मोठा प्रयोग केला, आणि नवजात बाळांच्या मृत्यूंत घट झाली नाही असं २०१२ मध्ये सरळ छापलं. अशा प्रामाणिक ‘नाही’ला मी फार मोल देतो. खेड्याचं उत्तर शहरात उतरवता येत नाही, शहराला स्वतःचा अभ्यास लागतो, हे त्यातून कळलं.

डिलाईल रोडच्या रहिवाशांनी ठरवलं तर यादीत वर काय येईल? बहुधा म्हाताऱ्यांचे गुडघे आणि दम, सुनेची झोप, रात्री-अपरात्री फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांचे अपघात, मॉलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींची पाठ, बांधकामाची धूळ. २०१८ ते २०२३ डिलाईल पूल बंद होता, तेव्हा वळसा घालून केईएमला जायला किती वेळ जात होता, हेही. गिरणी गेली तशी कामगार ही ओळख गेली, पण पाळ्या गेल्या नाहीत. गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत, हॉटेलांत, सुरक्षा एजन्सींत त्या चालूच आहेत, कंत्राटावर. यांच्यावरचं संशोधन अजून बाल्यावस्थेत आहे.

दोन कामं तर नव्या पैशाशिवायही सुरू करता येतील. मृत्यूच्या नोंदणीच्या फॉर्मवर मृताचा व्यवसाय आणि तंबाखूची सवय यांचे रकाने आहेत. तिथं ‘निवृत्त’ न लिहिता ‘कार्डिंग खातं, वीस वर्षं’ असं लिहिलं गेलं, आणि गावच्या नोंदीतही ते आलं, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अपुऱ्या आकड्यांची उणीव भरून काढायला सुरुवात होईल. दुसरं काम याद्यांचं. १ जानेवारी १९८२ ला पटावर असलेल्या गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखांहून जास्त अर्ज घरांच्या सोडतीसाठी म्हाडाकडे आहेत. नाव, गिरणी, आजचा पत्ता, बऱ्याच जणांचा गावचाही. घरासाठी केलेल्या या अर्जांच्या आधारे, अर्जदाराची संमती घेऊन, त्याची फुप्फुसं तपासता येतील, बिसिनोसिसचं निदान आणि भरपाई त्याच टेबलावर मिळू शकेल. संपाच्या वेळी तिशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीजवळ आहे. परळच्या रुग्णालयांनी आणि म्हाडानं एकत्र बसून हे ठरवायचं, तर त्याला येती दोन-तीन वर्षंच आहेत.